जॉन वेस्ली हायट : चेंडूच्या शोधात सापडलेले युग

खेळ म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असे आपण धरून चालतो. अभ्यास, नोकरी, संसार ही खरी कामे आणि त्यांतून उरलेला वेळ तेवढा खेळाचा! परंतु मानवी जीवनात उलथापालथ घडवून आणणाऱ्या काही शोधांचा उगम खेळाच्या दिवाणखान्यात झालेला आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. सकाळच्या दात घासण्याच्या ब्रशपासून रात्रीच्या दिव्याच्या बटनापर्यंत जे प्लॅस्टिक आपली पाठ सोडत नाही, त्याची कथा अशीच आहे. बिलियर्डच्या टेबलावरून घरंगळणाऱ्या एका चेंडूसाठी अमेरिकेतील एका मुद्रकाने केलेल्या खटपटीतून प्लॅस्टिकच्या युगाचा पाया घातला गेला. त्या मुद्रकाचे नाव जॉन वेस्ली हायट.

हायट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८३७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील स्टार्की या गावी झाला. वडील लोहारकाम करीत. मुलाला गणिताची गोडी होती. पण शिक्षण फार झाले नाही. सोळाव्या वर्षी घर सोडून तो पश्चिमेकडे इलिनॉय राज्यात गेला आणि छापखान्यात काम शिकू लागला. खिळे जुळविणे, शाई लावणे, कागद चढविणे हेच त्याचे महाविद्यालय. पण हात चालू असताना डोकेही चालू असे. १८६१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सुऱ्यांना धार लावण्याच्या एका साधनाचे पेटंट त्यांनी मिळविले. पुढे ते न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी या शहरी आले. तेथेही पोटाचा धंदा मुद्रकाचाच होता.

त्या काळी अमेरिकेत बिलियर्डचे वेड फार बोकाळले होते. हा खेळ सुखवस्तूंच्या घरी होता तसा दारूच्या गुत्त्यांतही होता. सगळी अडचण होती ती चेंडूची. चेंडू लागे हस्तिदंताचा, आणि तोही सुळ्याच्या नेमक्या मध्यभागातून कापलेला; कारण मध्य चुकला तर चेंडू सरळ धावत नसे. एवढ्या थोरल्या सुळ्यातून असे मोजकेच चेंडू निघत. शिवाय हस्तिदंताला हवामानाची बाधा होते. तो दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. म्हणून चेंडू कित्येक महिने मुरवत ठेवावे लागत. एवढा खटाटोप करून मिळणाऱ्या खेळण्याची किंमत पैशात जबर होतीच. खरी किंमत मात्र आफ्रिकेतील आणि सिंहलद्वीपातील हत्ती आपल्या प्राणाने देत होते.

हा खेळ आपल्यापासूनही फार दूर नव्हता. बिलियर्डचेच भावंड असलेला स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने सुरू केला, असे मानले जाते. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर होते.

१८६३ साली न्यूयॉर्कच्या फेलन अँड कॉलेंडर या बिलियर्डचे साहित्य बनविणाऱ्या पेढीने एक जाहिरात दिली. हस्तिदंताला चांगला पर्याय शोधून देणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस मिळणार होते. त्या काळच्या मानाने ही रक्कम म्हणजे एक दौलतच! हायट यांना रसायनशास्त्राचा गंध नव्हता. पण दिवसभर छापखान्यात राबून ते रात्री आणि रविवारी प्रयोग करू लागले. कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा, लाख, कापड अशी मिळेल ती वस्तू मिसळून आणि दाबून त्यांनी पाहिली. या मिश्रणांतून सोंगट्या आणि डॉमिनो चांगले बनू लागले, त्यांचा धंदाही उभा राहिला. १८६५ साली एका चेंडूचे पेटंटही त्यांनी घेतले. परंतु हस्तिदंताची ती टणक उसळी आणि तो ठोस आवाज काही साधेना.

येथे योगायोग धावून आला. छापखान्यातील कामगार हाताची कातडी सोलवटू नये म्हणून बोटांना कोलोडियन नावाचा पातळ द्रव लावीत. एके दिवशी कपाटातील बाटली कलंडली आणि सांडलेला द्रव वाळून त्याचा नखासारखा टणक, चिवट पापुद्रा बनला, अशी हकीकत सांगितली जाते. असा पापुद्रा वाळताना शेकडो लोकांनी पाहिला असेल. चेंडूच्या चिंतनात बुडालेल्या माणसाला मात्र त्यात चेंडू दिसला!

हे कोलोडियन म्हणजे काय, तेही पाहू. कापसात सेल्युलोज हे द्रव्य असते. कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. ही क्रिया पुरती झाली तर बंदुकीच्या दारूहून जहाल असा स्फोटक कापूस मिळतो. ती थोडी अपुरी ठेवून तो पदार्थ ईथर व अल्कोहोल यांत विरघळविला की कोलोडियन होते. विदर्भाच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाच्या बोंडात वस्त्र आहे हे आपण पिढ्यान् पिढ्या जाणतो. त्याच बोंडात तोफेची दारूही आहे आणि फणी, बाहुली, चेंडूही आहेत, हे मात्र रसायनशास्त्राने दाखवून दिले.

हायट यांनी आपल्या चेंडूंवर कोलोडियनचे लेप चढविले आणि १८६८ साली ऑल्बनी येथे चेंडूंचा कारखाना काढला. बक्षिसाची गोष्ट मागे पडली. चेंडू खपू लागले, पण त्यांच्या अंगी एक खोड होती. वरचे कवच जवळजवळ स्फोटक कापसाचेच असल्यामुळे पेटती सिगार टेकली की ते भडकत असे आणि दोन चेंडू जोरात आपटले की कधी कधी टिकली फुटल्यासारखा बार होई. कोलोरॅडोमधील एका गुत्तेवाल्याने हायट यांना कळविले की, आपली स्वतःची काही हरकत नाही. मात्र असा बार झाला की खोलीतील प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो! हा किस्सा हायट म्हातारपणी स्वतः रंगवून सांगत असत.

दोष कळला होता, उपाय हवा होता. द्रव वाळला की तो आटून वेडावाकडा होतो. तेव्हा पातळ द्रव न वापरता घट्ट गोळाच बनविता आला तर? भाऊ आयझाया यांना बरोबर घेऊन हायट त्या मागे लागले. नायट्रोसेल्युलोजच्या लगद्यात त्यांनी कापूर मिसळला आणि त्या मिश्रणाला एकाच वेळी उष्णता व दाब दिला. आपल्या देवघरात जो जळून मागे काही ठेवीत नाही, तोच कापूर येथे त्या हट्टी लगद्याला वितळवून एकजीव करू लागला. १८७० साली या रीतीचे पेटंट भावांना मिळाले. पुढे आयझाया यांनी या पदार्थाचे सेल्युलॉइड असे नामकरण केले.

ऐकायला हे सोपे वाटते. पण स्फोटक जातीचा पदार्थ कोंडून तापविणे म्हणजे आगीशी खेळ होता. कारखाना पाहण्यास आलेल्या एका प्राध्यापकाने इशारा दिला की, उष्णता जरा जास्त झाली तर ही इमारत शिल्लक राहणार नाही. हायट यांनी या इशाऱ्याचा पडताळा स्वतःच घेतला. भर दुपारी, त्यांनी दाबयंत्रासमोर चार इंच जाडीची फळी उभी केली, तिच्या आड दडून ते पंप चालवू लागले आणि उष्णता मुद्दाम धोक्याच्या पलीकडे नेली. वायू फुसफुसत बाहेर पडले, उग्र वासाने खोली भरून गेली. पण यंत्र, इमारत आणि हायट तिन्ही जागच्या जागी राहिले. पदवी नसलेल्या या माणसाने विद्वानाचा शब्द डावलला असे नव्हे. तो पारखून घेतला, एवढेच. विज्ञानाची वृत्ती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

प्रथम सेल्युलॉइडच्या दातांच्या कवळ्या निघाल्या. त्या गरम पदार्थाने मऊ पडत आणि तोंडाला कापराची चव येई! पण १८७३ च्या सुमारास कारखाना न्यू जर्सी राज्यातील न्यूआर्क येथे हलविल्यावर धंद्याने वेग घेतला. फण्या, सुऱ्यांच्या मुठी, बाहुल्या, पियानोच्या पट्ट्या, सदऱ्याच्या कॉलरी अशा नाना वस्तू तेथून निघू लागल्या. कासवाच्या पाठीची वा हस्तिदंताची जी चीज केवळ श्रीमंताला परवडे, तिच्यासारखी दिसणारी वस्तू आता कारकुनाच्या घरीही आली.

या यशाचे खरे रहस्य यंत्रात होते. १८७२ साली हायट बंधूंनी एका यंत्राचे पेटंट घेतले. तापलेल्या नळकांड्यात मऊ झालेले सेल्युलॉइड दट्ट्याने पुढे रेटायचे आणि तोंडातून बाहेर काढून साच्यात भरायचे, अशी त्याची रचना होती. आपल्या घरी शेव पाडण्याचा सोऱ्या असतो, तेच तत्त्व! आज बादलीपासून पेनाच्या टोपणापर्यंत बहुतेक प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या इंजेक्शन पद्धतीने बनतात, तिचा हे यंत्र मूळपुरुष होय.

यश आले की वाटेकरी उभे राहतात. इंग्लंडमधील डॅनियल स्पिल यांनी हायट यांच्या कंपनीवर दावा लावला. १८७७ पासून १८८४ पर्यंत तो चालला. अखेरीस न्यायालयाने असे ठरविले की, या पदार्थाचा मूळ शोध या दोघांपैकी कोणाचाच नाही. तो बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स यांचा आहे. ही गोष्ट खरी होती. पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन प्रदर्शनात असाच पदार्थ मांडला होता. पण त्यांचा माल टिकला नाही आणि कंपनी दोन वर्षांत बुडाली. न्यायालयाच्या निकालाने सेल्युलॉइड बनविण्याची मुभा सर्वांनाच मिळाली.

मग संशोधक कोणाला म्हणावे? ज्याला प्रथम सुचले त्याला, की ज्याने ते सुचलेले जगाच्या हाती दिले त्याला? पार्क्स यांचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु योग्य उष्णता, योग्य दाब आणि योग्य यंत्र ही त्रयी जुळेपर्यंत पार्क्स यांचा पदार्थ प्रदर्शनाच्या कपाटातच राहिला, हेही तितकेच खरे. कल्पना जन्माला घालणारा एक असतो आणि तिला वाढवून कर्तीसवरती करणारा दुसरा असतो. इतिहास पहिल्याचे नाव लिहितो. संसार मात्र दुसऱ्यामुळे चालतो.

हायट चेंडूपाशी थांबले नाहीत, तसा चेंडू त्यांनी सोडलाही नाही. त्या काळी अमेरिकेत बोलिंगचा खेळही लोकप्रिय होता. साठ फूट लांबीच्या लाकडी पट्टीच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या करायच्या आणि जड चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या, असा हा खेळ. त्याचे चेंडू टणक, वजनदार लाकडाचे असत. साधे अमेरिकन लाकूड घट्ट करून त्याचे बोलिंगचे चेंडू व गोल्फच्या काठ्यांची डोकी बनविण्याची रीत हायट यांनी काढली. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा, उसाचा चरक, यंत्रांचे पट्टे शिवणारे शिवणयंत्र असे त्यांचे इतर शोध आहेत. त्यांची एकूण पेटंटे दोनशेहून अधिक भरतात. १८९२ साली त्यांनी रोलर बेअरिंगची कंपनी काढली. तीत १८९५ साली आल्फ्रेड स्लोन हा तरुण नोकरीस लागला आणि पुढे जनरल मोटर्सचा प्रमुख म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९१४ साली हायट यांना पर्किन पदक मिळाले. रसायनशास्त्र न शिकलेल्या मुद्रकाला उपयोजित रसायनशास्त्राचा हा मोठा सन्मान मिळाला! १० मे १९२० रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, न्यू जर्सीतील शॉर्ट हिल्स येथे त्यांचे निधन झाले.

सेल्युलॉइडची पातळ पट्टी बनू लागली आणि तिच्यावर चलच्चित्र उमटले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट पडद्यावर आला तो याच जातीच्या फिल्मवर. पण जन्मजात ज्वालाग्राही स्वभाव या पदार्थाने सोडला नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून आपल्या जुन्या चित्रपटांचा मोलाचा ठेवा नष्ट झाला. टेबल टेनिसचा चेंडू मात्र कित्येक दशके सेल्युलॉइडचाच राहिला; २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याची जागा दुसऱ्या प्लॅस्टिकने घेतली. बोलिंगचे चेंडूही आज प्लॅस्टिकच्याच जातीचे असतात आणि मेपल लाकडाच्या पिनांना प्लॅस्टिकचेच कवच असते.

हायट यांच्या जुन्या चेंडूंची आधुनिक उपकरणांनी तपासणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले की, सेल्युलॉइडमध्ये गुरांच्या हाडांची भुकटी मिसळल्यामुळे त्या चेंडूंना हस्तिदंताची उसळी आली होती. म्हणजे वनातील हत्तीचा सुळा हवा होता, तेथे कत्तलखान्यातील टाकाऊ हाड कामी आले. हायट यांच्या चेंडूने हत्तींची शिकार थांबविली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय व्हायला १९८९ साल उजाडावे लागले. पण निसर्गाला ओरबाडल्यावाचूनही माणसाची हौस भागू शकते, हे त्या चेंडूने दाखविले.

त्याच चेंडूच्या वंशजांनी आज नद्या, नाले आणि समुद्र भरून टाकले आहेत, ही या कथेची दुसरी बाजू. एका टंचाईवर काढलेला उपाय दुसऱ्या पिढीची आपत्ती ठरला. त्याचा दोष हायट यांना देता येणार नाही. त्यांनी टिकाऊ वस्तू बनविली, ती एकदा वापरून फेकण्याची सवय आपली आहे. आता प्लॅस्टिकला पर्याय हवा आहे. तो शोधणारा मोठ्या प्रयोगशाळेतूनच येईल असे नाही. कदाचित तो एखाद्या छापखान्यात दिवसभर राबून रात्री आपल्या खोलीत काही घोटीत बसला असेल. त्याच्यापाशी पदवी आहे की नाही हे पाहण्याआधी त्याच्या हातात काय आहे हे आपण पाहिले, तर हायट यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.