चित्रकर्ती बिआट्रिक्स पॉटर

लंडन शहरातील एका संपन्न कुटुंबात २८ जुलै १८६६ रोजी बिआट्रिक्स पॉटरचा जन्म झाला. तिला शाळेत न घालता घरीच शिक्षिका ठेवून शिकविण्यात आले. त्यामुळे तिला सवंगडी फारसे लाभले नाहीत. धाकटा भाऊ बर्ट्राम आणि दोघांनी पाळलेले ससे, उंदीर, बेडूक व वटवाघळे हाच तिचा गोतावळा. या प्राण्यांना ती तासन् तास न्याहाळी आणि त्यांची चित्रे काढी. सशाचा कान कसा वळतो, बेडकाचा पाय कोठे दुमडतो, हे तिच्या नजरेतून निसटत नसे.

तिच्या वडिलांना चित्रसंग्रहाचा छंद होता. रँडॉल्फ कॅल्डेकॉट या चित्रकाराची काही मूळ चित्रे त्यांनी विकत घेतली होती. कॅल्डेकॉट हा पूर्वी बँकेत कारकून होता. पुढे बालगीतांवरील त्याची चित्रपुस्तके अतिशय गाजली. १८८३ साली त्याने एका बेडकाच्या गाण्यावर चित्रे काढली. हा बेडूक माणसासारखा पोशाख करून, मित्र उंदराला बरोबर घेऊन, लग्नाची मागणी घालावयास निघतो आणि शेवटी बदकाच्या भक्ष्यस्थानी पडतो! मोजक्या रेषांत साधलेला हा विक्षिप्त विनोद पाहून बिआट्रिक्स मोहून गेली. १८८६ साली, चाळिशीही न गाठता, कॅल्डेकॉट निवर्तला. परंतु त्याच्या चित्रांनी तिच्या मनात घर केले.

आपणही तशीच चित्रे काढावीत, म्हणून तिने पुष्कळ खटपट केली. पण कॅल्डेकॉटची ती चपळ रेषा काही तिच्या हाती उतरेना. हे अपयश तिने मोकळ्या मनाने मान्य केले. मात्र कुंचला खाली ठेवला नाही. तिच्यापाशी स्वतःचे धन होते. ते म्हणजे बालपणापासून केलेले प्राण्यांचे बारीक निरीक्षण.

सप्टेंबर १८९३ मध्ये तिने आपल्या एका जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला सचित्र पत्र लिहिले. त्यात पीटर नावाच्या सशाची गोष्ट होती. दुसऱ्याच दिवशी त्याच्या धाकट्या भावाला तिने जेरेमी फिशर या बेडकाची गोष्ट लिहून पाठविली. पुढे सशाच्या गोष्टीचे तिने पुस्तक केले. परंतु प्रकाशकांनी ते नाकारले. तेव्हा १९०१ साली तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ साली एका प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते घरोघर पोहोचले.

जेरेमी फिशरचे पुस्तक १९०६ साली निघाले. तोही कोट घालतो. कमळाच्या पानावर बसून मासे धरतो. एक मोठा मासा त्याला गिळतो. परंतु त्याच्या रेनकोटाची चव न आवडल्याने लगेच बाहेर टाकतो! कॅल्डेकॉटचा बेडूक प्राणास मुकला, बिआट्रिक्सचा बचावला. त्याचे लांब पाय आणि ओली कातडी मात्र अगदी तळ्यातल्या बेडकाची आहे.

पुस्तकांच्या उत्पन्नातून तिने सरोवरांच्या प्रदेशात शेते घेतली आणि मेंढ्या पाळल्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी तिचा मृत्यू झाला. आपली ४,००० एकरांहून अधिक जमीन तिने राष्ट्रीय न्यासाला दिली.

दुसऱ्याच्या दिव्यावर आपला दिवा लावून घ्यावा. पण त्यात तेल मात्र आपलेच घालावे, हेच तिच्या जीवनाचे सार होय.