आधी स्वतःला लस टोचणारे हाफकिन

करोनाची लस आली, तेव्हा आमच्या सरकारी रुग्णालयातल्या केंद्रावर एक प्रश्न रोज कानावर पडायचा, तो म्हणजे डॉक्टरांनी स्वतः ती घेतली का. घेतली म्हटले, की समोरचा माणूस निमूट बाही वर करायचा. लस किती टक्के परिणामकारक आहे, हे विचारणारे फार थोडे. अशा वेळी मला वाल्देमार हाफकिन आठवायचे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्या नावामागचा माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकले होते. ज्यू असल्यामुळे मायदेशी प्राध्यापकी मिळण्याची आशा नव्हती. अखेर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातली नोकरी मिळाली. तिथेच संशोधन करून त्यांनी कॉलऱ्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

लस खरोखर उपयोगी आहे का, हे कॉलऱ्याच्या मुलखातच कळणार होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांनी भारताचा मार्ग सुचवला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले.

देश अनोळखी, भाषा अनोळखी. सरकारी अधिकाऱ्यांना रशियन माणसाचा संशय, डॉक्टर नसल्याने वैद्यकीय खात्यातही कुरकुर. सामान्य लोकांना तर सुई घेऊन दारात आलेला गोरा साहेब म्हणजे संकटच वाटे. एका वस्तीत त्यांच्यावर दगड आले, तेव्हा त्यांनी सर्वांसमोर सदरा वर करून सहकाऱ्याकडून स्वतःला लस टोचून घेतली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९४ मध्ये कोलकात्याच्या कत्तल बागान वस्तीत सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे कॉलऱ्याचे जे १० नवे रुग्ण आढळले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, तिच्यापुढचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. इथल्या लोकांच्या धर्मभावना लक्षात घेऊन जंतू वाढवण्याच्या द्रवासाठी त्यांनी गोमांस वा डुकराचे मांस टाळले आणि बकऱ्याचे मांस वापरले. त्यावर तुपाचे थेंब सोडले, की जंतू त्यांना लटकून खाली वाढत. मग ते उष्णतेने मारून लस बनवली जाई.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्राही पुढे लोकांना दिली त्यापेक्षा कितीतरी मोठी. ताप आला, पण ते काम करत राहिले. त्यानंतर भायखळा तुरुंगातल्या तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली. त्याच सुमारास सरकार घरोघर झडत्या घेऊन रुग्णांना बळजबरीने हलवत होते. त्यातून उसळलेला संताप पुण्याने पाहिला. हाफकिन यांची वाट मात्र समजावण्याची होती. तरुण आगाखानांनी आपल्या समाजासमोर लस घेतली आणि मग हजारो खोजा कुटुंबे पुढे आली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

कमावलेला विश्वास एका बाटलीने हादरला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस दिली. त्यांतले एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही बाब नंतर पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त होऊन कोलकात्याला परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचे निधन झाले.

आज लसीच्या चाचण्या कडक नियमांनी होतात. शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करावा, अशी कुणाची अपेक्षा नाही. पण मुल्कोवालचे १९ मृत्यू आम्हा डॉक्टरांनी विसरता कामा नये. गावातल्या शेवटच्या टेबलावर झालेली हयगय सगळ्या शास्त्रावर पाणी फिरवू शकते, आणि चूक झालीच तर चौकशी लवकर आणि खरी व्हायला हवी. म्हणूनच तुम्ही स्वतः लस घेतली का, असे कुणी विचारले तर मला राग येत नाही. तो प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.