धक्क्याचा हिशेब: सर हायरम मॅक्सिम

स्पर्धेच्या पिस्तुलाची स्लाइड हलकी करणारा नेमबाज स्प्रिंगही बदलतो, कारण धक्का, वजन आणि स्प्रिंगचा जोर यांचा मेळ बसावा लागतो. अमेरिकेत १८४० मध्ये जन्मलेल्या हायरम मॅक्सिम यांनी हा हिशेब १८८४ मध्ये लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये मशीनगनमध्ये उतरवला. खांदा दुखवणारा धक्काच त्यांनी कामाला जुंपला. त्याने रिकामे काडतूस निघे, स्प्रिंग ताणली जाई. ती परतताना नवे काडतूस भरले जाई. स्प्रिंग फार ताठ असली तर मागचा प्रवास अपुरा, सैल असली तर परतीचा. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या! आफ्रिकेत या बंदुकीने केलेला संहार १९०१ च्या ‘सर’कीच्या आड आला नाही. बंदुकांच्या आवाजाने मॅक्सिम बहिरे झाले. १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये, सोमची लढाई थांबल्यावर सहाच दिवसांनी, ते लंडनमध्ये वारले. त्या लढाईत दोन्ही बाजूंच्या खंदकांत त्यांच्याच रचनेच्या मशीनगन होत्या.