गोळीच्या शोधात बेल

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७-१९२२) मुळात कर्णबधिरांचे शिक्षक. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शोधण्यासाठी बेल यांनी धातूजवळ आवाज देणारे विद्युत्‌-यंत्र बनविले. परंतु आवाज बिछानाभर उमटला. खाली पोलादी तारा होत्या! डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. अध्यक्ष वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल यांचा तान्हा मुलगाही गेला. तरी त्यांनी यंत्र सुधारणे सोडले नाही.

आमच्या पळसदरीचा काळा पाषाणही त्या बिछान्यासारखाच. त्यातील लोहखनिजाच्या कणांमुळे धातुशोधक यंत्र फसते. आधी जमिनीचाच आवाज वजा करावा लागतो.

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणूनच बेल यांचे हे अपयश मला जवळचे वाटते. यंत्र खरे होते; भोवताल मोजायचा राहिला होता.