रोगजंतूंची ओळख पटविणारे रॉबर्ट कॉख

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या डोंगराळ भागातील गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण पुरे झाल्यावर १८७२ मध्ये ते व्होल्श्टाइन नावाच्या लहानशा गावी सरकारी वैद्य झाले. त्या भागातील गुरामेंढरांत काळपुळीचा रोग वरचेवर येई आणि शेतकऱ्यांचे फार नुकसान होई. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसतात, हे विद्वानांना ठाऊक होते. पण रोग त्यांच्यामुळेच होतो की काय, याचा निर्णय लागला नव्हता.

कॉख यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. रोगी तपासून झाले, की ते घरातच सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसत. बैलाच्या डोळ्यातील द्रवात त्यांनी ते जंतू वाढविले आणि त्यांच्यामुळेच काळपुळी होते, हे १८७६ मध्ये सिद्ध केले.

१८८० मध्ये ते बर्लिनला गेले. तेथे एक मोठी अडचण उभी होती. एका थेंबात अनेक जातींचे जंतू मिसळलेले असत. त्यांतील अपराधी कोणता, हे कसे ओळखावे? उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उमटलेले त्यांना दिसले. प्रत्येक ठिपक्यात एकाच जातीचे जंतू होते! घट्ट पृष्ठभागावर जंतू वेगळे करता येतात, हे त्यांनी ताडले. त्यासाठी आधी जिलेटिन वापरीत, पण ते उबेने वितळे. तेव्हा सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेस यांनी समुद्रशैवालापासून मिळणारा अगर हा पदार्थ सुचविला.

पुढे त्यांनी क्षयाचा शोध हाती घेतला. त्या काळी हजारो माणसे या रोगाने मरत. त्याचे जंतू सहजासहजी रंग घेत नसत. अनेक प्रयत्नांनंतर तपकिरी पार्श्वभूमीवर निळ्या बारीक काड्या दिसल्या. ते जंतू त्यांनी गोठविलेल्या रक्तद्रवावर पेरले. इतर जंतू एकदोन दिवसांत वाढत. येथे आठवडा लोटला तरी काही दिसेना. कॉख यांनी धीर सोडला नाही. दुसऱ्या आठवड्यात लहान लहान कण उमटले. ते टोचल्यावर गिनीपिगांना क्षय झाला. हा शोध त्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला.

पटकीच्या शोधासाठी ते इजिप्त व तेथून कलकत्त्यास आले. स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांना १८८४ मध्ये रोग्यांच्या आतड्यांत व तळ्याच्या पाण्यातही सापडला.

असा हा काटेकोर संशोधकही एकदा घाईस बळी पडला. १८९० मध्ये त्यांनी क्षयावरील औषध म्हणून ट्यूबरक्युलिन पुढे आणले. पुरती परीक्षा होण्यापूर्वीच रोग्यांची रीघ लागली. परंतु रोग बरा होईना, कित्येकांना अपायच झाला. त्यामुळे त्यांच्या कीर्तीस डाग लागला. तो पदार्थ पुढे क्षयाच्या निदानास मात्र उपयोगी पडला.

१९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले व २७ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आजही जंतू आधी वेगळा करतात, रंगवून पाहतात आणि मगच त्याचे नाव सांगतात. डॉक्टरांचा उपचार त्या नावावर अवलंबून असतो.