लोकनायक बापूजी अणे

आमच्या जिल्ह्यातील वणी या गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. त्या काळी वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. मुलूख नावाने निजामाचा. परंतु १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांचा. १९०२ साली इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला व पुढील वर्षी मध्यप्रांतास जोडला. सातासमुद्रांपलीकडे जे ठरे, ते येथील शेतकऱ्यास मुकाट्याने पाळावे लागे.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेऊन बापूजींनी प्रथम अमरावतीस शिक्षकाचे काम केले व १९०८ पासून यवतमाळास वकिली आरंभिली. लोकमान्य टिळकांस ते गुरुस्थानी मानीत.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा कायदा मोडला. आमच्या जिल्ह्यास समुद्र कोठला? पण रान होते, आणि त्या रानातील गवतही सरकारी परवानगीवाचून कापणे गुन्हा होता. १० जुलै रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजींनी उघडपणे गवत कापले व कारावास पत्करला. आयुष्यभर कायद्याचा अभ्यास केलेल्या गृहस्थाने कायदा मोडावा, हे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु चोर लपून कायदा मोडतो व शिक्षा चुकवितो. बापूजींनी तो सर्वांदेखत मोडला व शिक्षा आपण होऊन अंगावर घेतली. हा भेद आमच्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी घ्यावा.

पुढे १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याबद्दल त्यांस दोष देणारे पुष्कळ होते. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजी कैदेत उपोषण करीत असता सरकार त्यांस सोडीना, तेव्हा बापूजींनी त्या उच्च पदाचा तत्काळ त्याग केला. त्याच वर्षी हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनास गेले. तेथेही इंग्रजांचेच राज्य होते, व त्यांच्या चहाच्या मळ्यांत राबणारे सहस्रावधी मजूर तमिळ मुलखातून नेलेले होते. एका साम्राज्याने दोन देशांतील गरिबांचे दैव कसे एकत्र गुंफले, याचे हे उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. उतारवयात त्यांनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत काव्यात रचिले. त्यास १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तो पाहण्यास मात्र बापूजी नव्हते. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकाच्या दिवशीच, त्यांनी देह ठेविला होता.

पुसदच्या रानात आजही गवत वाढते. तेथून जाताना आमच्या मुलांनी क्षणभर थांबावे, इतकीच आमची इच्छा आहे.