लोकशाहीर वामनदादा कर्डक

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी एका गरीब महार कुटुंबात वामनदादांचा जन्म झाला. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे व देवळाची पायरीही चढता येत नसे. ह्या अन्यायाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा वामन चार वर्षांचा होता.

वामनच्या नशिबी शाळा नव्हती. पोटासाठी तो मुंबईस आला व मिळेल ती मजुरी करू लागला. एके दिवशी एका माणसाने त्याला पत्र वाचून दाखवण्यास सांगितले. परंतु वामनला एक अक्षरही ओळखता येईना! त्या दिवशी तो शरमेने व्याकुळ झाला. मात्र तो रडत बसला नाही. एका सहृदय गृहस्थाकडून तो मुळाक्षरे शिकला. पुढे दुकानांवरच्या पाट्या हेच त्याचे पुस्तक झाले. रस्त्याने जाता-येता एकेक अक्षर जुळवीत तो वाचू लागला.

१९४३ साली वामनदादांनी पहिले गीत रचले. बाबासाहेबांचे विचार ग्रंथांत व वृत्तपत्रांत छापले जात. पण ते ज्यांच्यासाठी होते, त्यांतील कितीतरी जण निरक्षर होते. ते दुःख वामनदादांनी स्वतः भोगले होते. म्हणून त्यांनी साध्या बोलीत व लोकांच्या परिचयाच्या चालींवर हजारो गीते रचली आणि ती गावोगाव गाइली. शिका, संघटित व्हा, कोणालाही जन्मावरून हीन लेखू नका, हे ती गीते सांगत.

१९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली; तथापि मनातील भेद केवळ कायद्याने जात नाहीत. मनापर्यंत पोहोचण्याचे काम गाण्याने केले. अमेरिकेत पॉल रॉबसन ह्या कृष्णवर्णीय गायकाने आपला आवाज वर्णभेदाविरुद्ध वापरला. वामनदादांनी तो जातिभेदाविरुद्ध वापरला.

ह्या गीतांनी त्यांना लोकांचे अपार प्रेम मिळाले, धन मात्र मिळाले नाही. १५ मे २००४ रोजी ते निवर्तले. तरीही १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, नाशिकपासून यवतमाळपर्यंतच्या वस्त्यांतून त्यांची गीते ऐकू येतात. पाट्या वाचून साक्षर झालेल्या एका मजुराने असंख्य लोकांना स्वाभिमानाचा धडा दिला.